रात्री दोन ते चार: शहरातली पाणीगळती कशी मोजावी आणि कमी करावी

नवं धरण किंवा नवं शुद्धीकरण केंद्र मागण्याआधी शुद्ध केलेलं पाणी वाटेतच किती मुरतंय ते मोजा. शहर हरित करण्याच्या कामांत याच्याइतकं स्वस्त काम क्वचितच सापडेल. मात्र सेन्सर आणि डॅशबोर्डची खरेदी सगळ्यात शेवटी. सुरुवात व्हॉल्व्ह बंद करण्यापासून.

साधारण ५०० ते ३००० नळजोडण्यांचा भाग निवडा. भाग याहून मोठा असेल तर एखाद-दुसरी गळती आकड्यात दिसतच नाही. पाणी शक्यतो एकाच वाहिनीतून आत यावं, सीमेवरचे बाकी व्हॉल्व्ह पक्के बंद असावेत. ते खरंच बंद आहेत का, हे शून्य दाब चाचणीतून कळतं. रहिवाशांना आधी सूचना देऊन रात्री मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, सखल जागेचा वॉशआउट (वाहिनी रिकामी करण्याचा व्हॉल्व्ह) उघडा आणि तीन-चार ठिकाणी दाबमापक लावा. काही मिनिटांत काटा शून्यावर आला पाहिजे. तो ७-८ मीटरवर (दाब पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजतात) अडकला, तर पाणी कुठून तरी आत येतंय. बहुतेक वेळा व्हॉल्व्हच्या बैठकीत गाळ साचलेला असतो, नाहीतर नकाशात न दाखवलेली जुनी जोडवाहिनी निघते. चाचणी लांबवू नका: वाहिनीत दाब नसताना गळतीच्या भोकांतून बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जाऊ शकतं. पुरवठा सुरू करताना व्हॉल्व्ह सावकाश उघडा आणि सुरुवातीचं पाणी वॉशआउटमधून सोडून द्या.

आता प्रवाह मोजणारा मीटर. विद्युतचुंबकीय मीटर चांगला. पण २०० मिलिमीटरची वाहिनी आहे म्हणून मीटरही २०० चाच, असं ठरवू नका. रात्रीचा कमी प्रवाह त्याच्या अचूकतेच्या मर्यादेखाली जाऊ शकतो. मीटरच्या आधी व्यासाच्या किमान ५ पट आणि नंतर ३ पट सरळ पाइप ठेवा; उत्पादकाने जास्त सांगितलं असेल तर तेवढा. नोंद दर १५ मिनिटांनी, आणि प्रवाहासोबत दाबाचीही.

आठवडाभराच्या नोंदींतून रात्री दोन ते चारचा सर्वांत कमी प्रवाह काढा. समजा, १००० जोडण्या, दर जोडणीमागे ५ माणसं आणि प्रवाह ताशी १२ घनमीटर. प्रचलित ठोकताळा असा, की त्या तासात सुमारे ६ टक्के लोक उठतात आणि प्रत्येकी १० लिटर वापरतात. म्हणजे ३०० माणसं, ३ घनमीटर. रात्रपाळीचा कारखाना किंवा रुग्णालय असेल तर त्यांचा वापर वेगळा वजा करा. इथे उरलेले ९ घनमीटर म्हणजे गळती. त्याला थेट २४ ने गुणू नका. दिवसा दाब उतरतो तशी गळतीही कमी होते. दाबाच्या नोंदींनुसार हा गुणक अनेकदा २० च्या आसपास येतो. तो धरला तर दिवसाला १८० घनमीटर.

गच्चीवरच्या टाक्या रात्री भरत असतील तर हा सगळा हिशेब कोलमडतो, कारण टाकी भरणारं पाणी गळतीसारखंच दिसतं. पुरवठा ठरावीक तासांचाच असेल तर मोजणीपुरतं त्या भागाला काही दिवस अखंड पाणी द्या, टाक्या काठोकाठ भरू द्या, मगच आकडा घ्या.

जागा शोधायला टोकाकडून मीटरच्या दिशेने एकेक व्हॉल्व्ह बंद करत या. ज्या तुकड्यानंतर प्रवाह एकदम घसरतो, तिथे श्रवणदंड आणि जमिनीवरचा मायक्रोफोन घेऊन जा. धातूच्या वाहिनीत आवाज लांबवर जातो. प्लास्टिकमध्ये तो लवकर विरतो, म्हणून ऐकण्याच्या जागा जवळजवळ घ्या. रस्त्यावर कारंजं उडवणारी गळती दिसते, लोक फोन करतात, ती लगेच दुरुस्त होते: ताशी १० घनमीटर धरले तरी एका दिवसात २४०. घराच्या जोडणीवरची ताशी १०० लिटरची मुकी गळती ३०० दिवस राहिली तर ७२० घनमीटर जातात. शोधायची ती हीच.

दुरुस्तीसोबत रात्रीचा दाबही उतरवा. गळती साधारण दाबाच्या प्रमाणात बदलते; ४० मीटरचा ३० केला तर ती सुमारे चतुर्थांशाने घटते. दाबनियंत्रक व्हॉल्व्ह बसवताना त्याच्या आधी गाळणी हवीच, नाहीतर तो कचऱ्याने अडकतो. सर्वांत उंच आणि सर्वांत लांबच्या घरात पुरेसा दाब उरतो ना, तेही तपासा.

विजेचा हिशेबही मांडा, निधी मागताना तो उपयोगी पडतो. ६० मीटर उंच चढवायला, पंपाची कार्यक्षमता ६५ टक्के धरून, घनमीटरमागे सुमारे ०.२५ युनिट लागतं. वरच्या १८० घनमीटरचे रोज ४५ युनिट झाले, तेही शुद्धीकरणाचा खर्च सोडून.

कंबोडियाच्या नॉम पेन्ह शहरात १९९३ मध्ये ७२ टक्के पाण्याचा महसूल मिळत नव्हता. पुढे हे प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास आलं. त्यात गळतीइतकाच मीटर आणि वसुलीचाही वाटा होता.

दुरुस्तीनंतर दाब वाढतो आणि दुसरे कमकुवत सांधे फुटतात, त्यामुळे पुढच्याच आठवड्यात आकडा पुन्हा घ्या. तो स्थिरावला की मगच स्वयंचलित इशाऱ्याची मर्यादा ठरवा. आधी ठरवलीत तर रोज रात्री इशारा वाजेल आणि महिनाभरात कोणीतरी तो बंद करून टाकेल.