खापरपणजोबा शेवटी सापडले, ते फेरफारातून

आमच्या खापरपणजोबांचं नाव घरात कुणालाच नक्की माहीत नव्हतं, सगळे त्यांना नुसते 'दादा' म्हणायचे आणि कागदावर दादा कुठेच नाहीत. मग सातबारावर जो फेरफार (म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद) नंबर असतो ना तो धरला, तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून त्या फेरफाराची नक्कल काढली, त्यात आधीच्या फेरफाराचा नंबर होता, असं मागे मागे जात राहिलो तर जुन्या वारस फेरफारात मयताचं खरं नाव, मुलांची नावं सगळं मिळालं! मुलांची नावं घरच्यांच्या आठवणीशी जुळली म्हणून खात्री पटली.

मग गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक, गावातल्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही. त्यात दादांच्या मृत्यूची नोंद होती पण मोडी लिपीत, ती जाणकाराकडून वाचून घ्या, अंदाजाने वाचू नका प्लीज. त्या तारखेवरून नाशिकला रामकुंडाजवळ आमच्या तीर्थोपाध्यायांकडे (घराण्यांच्या नोंदवह्या ठेवणारे तीर्थक्षेत्रातले पुरोहित) गेलो, त्यांच्या वहीत आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की पान निघतं. अस्थी घेऊन आलेल्या मुलाने स्वतः वडील, आजोबा, भाऊ सगळ्यांची नावं सांगितलेली, म्हणजे अजून एक पिढी वर मिळाली, खूप भरून आलं. शाळेचं जनरल रजिस्टर मात्र आम्हाला फार उपयोगी पडलं नाही.