युरोपातील रिव्हर क्रूझ: गटासाठी कंपनी निवडताना

युरोपातील रिव्हर क्रूझला वीस-पंचवीस जणांचा गट घेऊन जायचे ठरले, की पहिल्याच बैठकीत ‘कोणती कंपनी चांगली?’ हा प्रश्न निघतो. माझ्या मते या प्रश्नाचा क्रमांक तिसरा आहे. आधी गटातील माणसे नीट पाहावीत, मग नदी आणि महिना ठरवावा, आणि त्यानंतरच कंपन्यांची माहितीपत्रके उघडावीत. जिना चढताना ज्यांना कठड्याचा आधार लागतो, ज्यांना कांदा-लसूणही वर्ज्य आहे, जे एकटे येणार आहेत आणि ज्यांच्यासोबत शाळकरी मुले आहेत, अशांची नावे एका कागदावर लिहून काढावीत. कंपनी त्यांच्यासाठी निवडायची असते, कारण उरलेली मंडळी कोणत्याही बोटीवर आनंदाने आठ दिवस काढतात.

हा कागद तयार झाला की काही नावे आपोआप गळून पडतात. उदाहरणार्थ, वायकिंग ही या व्यवसायातील अतिशय मोठी कंपनी अठरा वर्षांखालील प्रवासी घेत नाही. त्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीत नातवंडांसह निघणाऱ्या कुटुंबांच्या गटाने तिची पत्रके वाचण्यात वेळ घालवू नये. ॲमावॉटरवेजच्या काही बोटींवर एकमेकींना जोडलेल्या केबिन मिळतात आणि फ्रान्समधील स्ट्रासबूर्गच्या क्रुआझियुरोपकडेही कुटुंबांसाठी खास फेऱ्या असतात. उलट, निवृत्त मंडळींचा शांतताप्रिय गट असेल, तर वायकिंगचा हाच नियम त्यांच्या पथ्यावर पडतो. बोटीवरील भाषेचीही चौकशी करावी. ए-रोझा आणि निको या जर्मन कंपन्यांच्या अनेक फेऱ्यांमध्ये प्रवासी प्रामुख्याने जर्मनभाषक असतात आणि घोषणा किंवा सहलींचे मार्गदर्शन इंग्रजीत मिळेलच, असे गृहीत धरता येत नाही.

आता नदीचा विचार. पहिल्यांदाच जाणाऱ्या गटाला मी ऱ्हाइन किंवा डॅन्यूब यांपैकी एक सुचवतो. ऱ्हाइनवर ॲमस्टरडॅम ते बाझेल आणि डॅन्यूबवर पासाऊ ते बुडापेस्ट हे साधारण आठवड्याचे मार्ग सर्वाधिक चालतात, त्यामुळे तारखांना आणि कंपन्यांना भरपूर पर्याय मिळतो. पोर्तुगालमधील दोरू नदीचे खोरे फार सुंदर आहे, परंतु तिथे बोटी रात्री चालत नाहीत आणि किनाऱ्यावरील गावे डोंगरउतारावर असल्यामुळे बसचा प्रवास बराच होतो. ॲमस्टरडॅम ते बुडापेस्ट ही दोन आठवड्यांची सलग सफर अनेकांचे स्वप्न असते. १९९२ साली पूर्ण झालेल्या ऱ्हाइन-माइन-डॅन्यूब कालव्यामुळे ती शक्य झाली. हा कालवा १७१ किलोमीटर लांबीचा असून बोट त्यातून समुद्रसपाटीपासून ४०६ मीटर उंचीपर्यंत चढते. मात्र या सफरीत साठाहून अधिक लॉक, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून बोटीला वर-खाली नेणारे दरवाजांचे हौद, पार करावे लागतात, शिवाय दोन्ही नद्यांचे उथळ पट्टे एकाच प्रवासात येतात, त्यामुळे कुठेतरी खोळंबा होण्याची शक्यताही वाढते.

पाण्याच्या पातळीबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे, कारण माहितीपत्रकात याविषयी एखादीच बारीक ओळ असते. ऱ्हाइनवर बिंगेन आणि कोब्लेंझ यांच्यामधला सुमारे ६५ किलोमीटरचा, किल्ल्यांनी आणि द्राक्षमळ्यांनी नटलेला पट्टा २००२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि बहुतेक प्रवासी या क्रूझवर त्याच्याच ओढीने येतात. याच पट्ट्यात काउब नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या जलपातळीच्या आकड्याकडे मालवाहू आणि प्रवासी अशा सगळ्याच बोटींचे कप्तान लक्ष ठेवून असतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये हा आकडा २५ सेंटिमीटरपर्यंत उतरला होता आणि ऑगस्ट २०२२ मध्येही तो चाळीसच्या खाली गेला होता. हा आकडा म्हणजे नदीची खोली नव्हे. बोटींच्या मार्गात पाणी त्याहून मीटरभर तरी अधिक असते, पण दीड मीटरहून जास्त पाण्यात बुडणाऱ्या बोटीला तेही अपुरे पडते. डॅन्यूबवर श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन हा पट्टा असाच उथळ आहे. तो पासाऊच्या वरच्या बाजूला येत असल्याने, पासाऊहून खाली जाणाऱ्या सफरीला त्याचा अडसर होत नाही, तर न्यूरेनबर्ग किंवा रेगेन्सबुर्गहून निघणाऱ्या सफरीला होऊ शकतो. पाणी वाढले तरी अडचण येतेच, कारण पुलाखालून बोट जाण्याइतकी जागा उरत नाही. जून २०१३ च्या पुरात पासाऊ शहरच पाण्याखाली गेले होते.

आपल्याकडे गट निघतात ते मुख्यतः मे महिन्यात किंवा दिवाळीच्या सुट्टीत. मे महिन्यात आल्प्सवरचे बर्फ वितळत असल्यामुळे ऱ्हाइनला सहसा चांगले पाणी असते. ऑक्टोबरमध्ये मळ्यांचे रंग डोळ्यांचे पारणे फेडतात, परंतु पाणी कमी असण्याचा धोका त्याच काळात मोठा असतो. दिवाळीच्या सुट्टीत नेलेल्या आमच्या एका गटाला हा अनुभव आला. तिसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या वेळी बोट पुढे जाणार नसल्याचे जाहीर झाले, सामान भरून आम्ही बसमध्ये बसलो आणि ज्या किल्ल्यांसाठी वर्षभर पैसे साठवले होते ते महामार्गावरून दिसलेच नाहीत. करारात मार्ग बदलण्याचा पूर्ण अधिकार कंपनीकडे होता आणि परताव्याचा उल्लेखही नव्हता. करार मी वाचला होता, पण त्या कलमावर प्रश्न विचारला नव्हता.

तेव्हापासून कोणत्याही कंपनीला मी तीन गोष्टी लेखी विचारतो. बोट अडली, तर अडथळ्याच्या पलीकडे त्याच कंपनीची तशीच दुसरी बोट आहे का, म्हणजे प्रवाशांना एकीवरून उतरवून दुसरीवर त्याच क्रमांकाच्या केबिनमध्ये नेता येईल? एका दिवसात जास्तीत जास्त किती तास बसमध्ये बसवले जाईल? आणि किती दिवस बोट न चालल्यास पैसे परत मिळतील किंवा पुढच्या सफरीसाठी जमा राहतील? पहिल्या प्रश्नात मोठ्या ताफ्याच्या कंपन्या उजव्या ठरतात. वायकिंगच्या सारख्याच बांधणीच्या अनेक बोटी एकाच नदीवर असतात, त्यामुळे प्रवाशांची अदलाबदल तिला तुलनेने सोपी जाते. दोन-चार बोटी असलेली कंपनी सेवेत कितीही सरस असली, तरी अशा प्रसंगी तिचे हात बांधलेले असतात.

बोटींच्या आकाराविषयी एक गोष्ट ध्यानात घेतली की जाहिरातींचा बराच धुरळा खाली बसतो. कालव्यातील लॉक बारा मीटर रुंद असल्यामुळे बहुतेक बोटींची रुंदी साडेअकरा मीटरच्या आत आणि लांबी जास्तीत जास्त १३५ मीटर असते. फरक पडतो तो आत किती माणसे बसवली आहेत यात. वायकिंगच्या या लांबीच्या बोटींवर १९० प्रवासी असतात, तर टाउक या कंपनीने तेवढ्याच लांबीच्या बोटी सुमारे १३० प्रवाशांपुरत्या ठेवल्या आहेत. ॲमावॉटरवेजची ॲमामॅग्ना ही बोट मात्र बावीस मीटर रुंद आहे. ती डॅन्यूबवरच चालते, कारण कालव्याच्या लॉकमध्ये ती मावणारच नाही. गुडघ्यांचा किंवा तोल जाण्याचा त्रास असलेली माणसे गटात असतील, तर त्या ऐसपैस बोटीचा विचार जरूर करावा.

केबिन निवडताना डेकचा नकाशा मागवून घ्यावा. सर्वांत खालच्या डेकवरील केबिन स्वस्त असतात. त्यांच्या खिडक्या छताजवळ, न उघडणाऱ्या आणि पाण्याच्या जेमतेम वर असतात. त्यावरच्या डेकवर ‘फ्रेंच बाल्कनी’ मिळते. तिला बाल्कनी म्हणत असले, तरी ते सरकते काचेचे दार आणि त्यापुढचा कठडा एवढेच असते, तिथे खुर्ची टाकता येत नाही. लिफ्ट असते, पण ती बहुधा खालच्या केबिनपर्यंत किंवा वरच्या उघड्या सन-डेकपर्यंत पोहोचत नाही. गटातील सर्वांना एकाच प्रकारच्या केबिन द्याव्यात, असे माझे ठाम मत आहे. चार पैसे वाचवण्यासाठी निम्मी मंडळी खाली आणि निम्मी वर ठेवली, की जेवणाच्या टेबलावर आठही दिवस तोच विषय निघतो.

बोट धक्क्याला कशी आणि कुठे लागते, हेही विचारावे. गर्दीच्या हंगामात तीन-चार बोटी शेजारीशेजारी बांधतात आणि आपली बोट सर्वांत बाहेर असेल, तर किनाऱ्यावर जाण्यासाठी इतर बोटींच्या स्वागतकक्षातून, कधी त्यांच्या सन-डेकवरूनही जावे लागते. आमच्या गटातील सत्तरी ओलांडलेल्या एका मावशींना मी अशा प्रसंगी पाहिले आहे. दोन बोटींमधल्या अरुंद फळीवर त्यांनी आधी काठी टेकवली, मग पलीकडच्या खलाशाने पुढे केलेला हात धरला आणि खाली हलणाऱ्या पाण्याकडे न पाहता पाऊल टाकले. परतताना तेच सगळे पुन्हा करायचे होते, म्हणून संध्याकाळची सहल त्यांनी सोडून दिली. जागेचेही तसेच आहे. पत्रकात ‘पॅरिस’ लिहिलेले असते, पण काही कंपन्यांच्या बोटी शहराच्या पश्चिमेला, बाहेर ल पेक इथे थांबतात. व्हिएन्नामध्ये राइख्सब्र्यूके पुलाजवळचा धक्का मिळाला, तर भुयारी रेल्वेच्या यू-१ मार्गाने थेट शहराच्या मध्यभागी, स्टेफान्सप्लाट्झ चौकात पोहोचता येते.

जेवणाबाबत केवळ ‘व्हेज मिळेल’ या उत्तरावर समाधान मानू नये. युरोपातील स्वयंपाकघरात भाज्यांच्या सूपचा पाया पुष्कळदा मांसाच्या अर्काचा असतो आणि तो घालणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही. म्हणून प्रत्येक प्रवाशाच्या नावापुढे मांस, मासे, अंडी, कांदा, लसूण, कंदमुळे यांपैकी काय चालत नाही, हे स्वतंत्रपणे लिहून ती यादी आरक्षणाच्या वेळी आणि पुन्हा निघण्यापूर्वी महिनाभर आधी पाठवावी. उत्तरादाखल आठ दिवसांचा नमुना मेनू मागवावा. तो पाठवायला जी कंपनी तयार होते, ती बोटीवरही सहसा काळजी घेते, असा माझा अनुभव आहे. सलग आठ दिवस उकडलेल्या भाज्या आणि पास्ता वाट्याला आलेला माणूस डॅन्यूबचे वर्णन घरी कसे करेल, हे वेगळे सांगायला नको.

किमतींची तुलना करताना केवळ छापील आकडे शेजारीशेजारी ठेवू नयेत. टाउक आणि सिनिक या कंपन्यांच्या किमतीत किनाऱ्यावरील सहली आणि कर्मचाऱ्यांची टिप धरलेली असते. वायकिंगमध्ये बहुतेक थांब्यांवर एक सहल आणि जेवणासोबत वाइन-बिअर समाविष्ट असते, टिप वेगळी असते. आपल्या गटांत मद्य न घेणारे अनेक असतात आणि दिवसभर खुल्या असलेल्या बारचे पैसे त्यांनी का भरावेत, असा प्रश्न मी नेहमी विचारतो. अशा गटाला कमी समावेशाची, पण सहली सुटसुटीतपणे निवडू देणारी कंपनी परवडते. एकट्या प्रवाशाला दोघांच्या केबिनसाठी किती जादा आकार पडेल, हेही त्याच कागदावर नोंदवावे. काही कंपन्या निवडक तारखांना हा आकार माफ करतात.

गटाच्या करारात किती केबिनपासून गट मानला जातो, किती पैसे भरणाऱ्यांमागे एक जागा मोफत मिळते, नावांची अंतिम यादी केव्हा द्यायची आणि एखादे नाव बदलल्यास दंड किती, या बाबी स्पष्ट असाव्यात. भारतीय पासपोर्टधारकांसाठी शेंगेन व्हिसाचे, म्हणजे युरोपातील बहुतेक देशांत मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचे, वेळापत्रक या तारखांशी जुळले पाहिजे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि ज्या देशात सर्वाधिक रात्री घालवायच्या आहेत, त्या देशाकडे तो करायचा असतो. बोटीवरच्या रात्री कोणत्या देशात मोजल्या जातात, हे दाखवणारे दिवसवार पत्र कंपनीकडून आधीच घ्यावे, कारण पासाऊ-बुडापेस्ट मार्गावर जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया आणि हंगेरी असे चार देश येतात. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा आवश्यक असतो. बुडापेस्टच्या खाली सर्बियामार्गे काळ्या समुद्राकडे जाणार असाल, तर बोट शेंगेन क्षेत्राबाहेर जाऊन पुन्हा आत येते, म्हणून एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा लागतो.

ही सगळी उत्तरे ईमेलवर हाती आल्यावरच ॲडव्हान्स भरावा. निघण्याच्या आठवडाभर आधी कंपनीकडून प्रत्येक शहरातील धक्क्यांचा पत्ता आणि क्रमांक मागवून, बोटीचे नाव व कप्तानाच्या कार्यालयाचा दूरध्वनी यांसह मोठ्या अक्षरांतील एक चिठ्ठी प्रत्येकाच्या खिशात द्यावी. प्रवासी शहरात फिरत असताना बोटीने धक्का बदलल्याचे प्रसंग घडतात, म्हणून रोज सकाळी उतरताना स्वागतकक्षातून संध्याकाळची जागा विचारून ती चिठ्ठीवर लिहून घ्यायला सर्वांना सांगावे.