इमारतीत अग्निशमन दलाचा रेडिओ पोचत नाही? बीडीए बसवताना या चुका टाळा

अमेरिकेत नव्या इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र शेवटच्या आठवड्यात अडकतं, तेव्हा कारण पुष्कळदा हेच असतं: तळघरात आणि जिन्यात अग्निशमन दलाच्या वॉकीटॉकीला सिग्नल नाही. इंटरनॅशनल फायर कोडच्या कलम 510 प्रमाणे ही सोय करणं इमारतीच्या मालकाची जबाबदारी आहे. मग छतावर दलाच्या रेडिओ टॉवरकडे तोंड केलेली डोनर अँटेना, खाली बीडीए म्हणजे दुतर्फा अॅम्प्लिफायर आणि मजल्यामजल्यावर अँटेनांचं जाळं बसवलं जातं. मीटर धरून सगळे बाहेरून आत येणारा सिग्नल, म्हणजे डाउनलिंक, मोजतात. अडकलेल्या जवानाची 'मेडे' हाक मात्र आतून बाहेर, म्हणजे अपलिंकवर, जाते. सर्वांत महाग चुका त्या दिशेला होतात.

अपलिंकचा गेन डोळे झाकून डाउनलिंकइतका ठेवणं

गेन म्हणजे यंत्र सिग्नल किती वाढवतं ते, डेसिबलमध्ये (डीबी). दोन्हीकडे 80 डीबी ठेवला की काम झालं, असं वाटतं. हिशेब करून पाहा. 12.5 किलोहर्ट्झच्या चॅनेलमध्ये निसर्गतः उणे 133 डीबीएम (एक मिलीवॅटच्या तुलनेत मोजलेली ताकद) नॉइज, म्हणजे खरखर, असतोच. बीडीएचा नॉइज फिगर, म्हणजे तो स्वतः घालतो ती नॉइजची भर, 6 डीबी धरला, तर 80 गेननंतर उणे 47 डीबीएम नॉइज बाहेर पडतो, तोही कुणी बोलत नसताना, चोवीस तास. डोनर अँटेना 10 डीबी वाढवते, केबल 2 डीबी खाते. टॉवर समोर दिसत असेल आणि 2 किलोमीटरवर असेल, तर 800 मेगाहर्ट्झला वाटेत सुमारे 96 डीबी जातात. टॉवरची अँटेना 10 परत देते. रिसीव्हरपाशी पोचतात सुमारे उणे 125. रिसीव्हरचा स्वतःचा नॉइज उणे 128 असेल, तर एकूण नॉइज 4 ते 5 डीबीने चढतो. म्हणजे तुमच्या एका इमारतीमुळे त्या टॉवरवरच्या सगळ्या वॉकीटॉकींचा पल्ला कमी झाला. शहराच्या दुसऱ्या टोकाला, टॉवरच्या कडेच्या भागात उभ्या असलेल्या जवानाची हाक त्यात बुडू शकते, आणि दोष कुठून आला हे कुणाला कळतही नाही.

अपलिंक 60 वर आणला, तर ही वाढ 0.1 डीबीच्याही खाली जाते. मग आतला आवाज पोचेल का? 3 वॅटचा वॉकीटॉकी 35 डीबीएम देतो. भिंती, हवा आणि केबल मिळून बीडीएपर्यंत 105 डीबी गेले, तरी टॉवरवर उणे 89 च्या आसपास पोचतात. टॉवरवर किमान उणे 95 डीबीएम पोचण्याची अट सहज पाळली जाते.

गेन जास्त ठेवल्याचा आणखी एक फटका बसतो. आतल्या अँटेनेपासून 3 मीटरवर कुणी बोललं, तर बीडीएपाशी सुमारे उणे 35 डीबीएम येतात. 80 गेनने त्याचे 45 व्हायला हवेत, पण यंत्राची कमाल 27 असेल तर एजीसी, म्हणजे गेन आपोआप आवरणारी सोय, गेन 18 डीबीने खाली ओढते. त्याच क्षणी दुसऱ्या तळघरातून बोलणारा जवानही 18 डीबीने क्षीण होतो. नियंत्रण कक्षाच्या डोक्यावरच अँटेना लावलेली असली की हे हमखास घडतं.

आयसोलेशन न मोजता गेन चढवणं

डोनर अँटेना आणि आतल्या अँटेना यांच्यातलं आयसोलेशन, म्हणजे एकीचा सिग्नल दुसरीपर्यंत जाताना होणारी घट, गेनपेक्षा 20 डीबीने जास्त हवं. 85 डीबी मिळालं तर गेन 65 च्या वर नेऊ नका. बीडीए बंद ठेवून आतल्या जाळ्यात सिग्नल जनरेटरने ठरावीक पातळी सोडा, छतावरच्या केबलला स्पेक्ट्रम अॅनलायझर लावा, आणि फरक वाचा. हे अपलिंक आणि डाउनलिंक अशा दोन्ही बँडवर करा. वरच्या मजल्यावरची अँटेना छताला अगदी चिकटून असेल तर आकडा लगेच घसरतो. तसं झालं तर ती हलवा, किंवा डोनर अँटेना पॅरापेटच्या किंवा लिफ्टच्या खोलीच्या आडोशाला न्या.

काचा बसायच्या आत चाचणी घेणं

लो-ई काच, म्हणजे उष्णता अडवणारा धातूचा पातळ थर दिलेली काच, 20 ते 30 डीबी सहज खाते. उघड्या इमारतीत मजला पास होतो, काचा लागल्या की तोच नापास. काचा, दारं, लिफ्ट सगळं बसल्यावरच मजल्याचे 20 सारखे चौकोन पाडा आणि प्रत्येकाच्या मध्यावर मोजा. कोडच्या 2018 च्या आवृत्तीप्रमाणे दोनपर्यंत चौकोन नापास झाले तर चालतात, पण ते एकमेकांना लागून नसावेत. तीन पडले तर 40 चौकोन करून पुन्हा मोजता येतं. डीबीएमच्या आकड्यावर थांबू नका, दलाच्या वॉकीटॉकीवर प्रत्यक्ष बोलून पाहा. आवाजाची प्रत डीएक्यू या मोजपट्टीवर 3.0 हवी, म्हणजे थोडं लक्ष दिलं की समजेल, क्वचित पुन्हा विचारावं लागेल.

आकडा उत्तम, उणे 75, आणि आवाज मात्र फाटका, असं दिसलं तर गेन वाढवून उपयोग नाही. सायमलकास्ट यंत्रणेत, म्हणजे जिथे अनेक टॉवर एकाच फ्रिक्वेन्सीवर एकाच वेळी तेच प्रसारण करतात तिथे, थेट आलेला आणि बीडीएतून उशिरा आलेला सिग्नल एकमेकांवर पडतात. फिल्टर जितका अरुंद, तितका उशीर जास्त. खिडकीलगत, जिथे बाहेरचा सिग्नल पुरेसा आहे, तिथली अँटेना काढा किंवा तिची पातळी कमी करा.

दिवसातून काही वेळाच गेन पडत असेल तर शेजारचा मोबाइल टॉवर तपासा. 869 मेगाहर्ट्झपासून मोबाइलचा डाउनलिंक सुरू होतो, आणि 851 ते 869 सगळा उघडा ठेवलेला बीडीए त्याने गुदमरतो. दलाला लागतात तेवढेच चॅनेल उघडा, बहुतेक ठिकाणी 861 पर्यंत पुरतं.

शेवटचे मजलेच कमजोर असतील तर राइझरवर (मजल्यांमधून वर जाणाऱ्या मुख्य केबलवर) समान वाटणारे स्प्लिटर लागले असण्याची शक्यता मोठी. पहिल्या मजल्यांना 10 डीबीचे टॅपर (सिग्नलचा थोडाच वाटा काढून घेणारे) आणि पुढे 6 चे लावा. अर्ध्या इंची केबल 30 मीटरला साधारण 2 डीबी खाते, ते धरूनच वाटणी करा.

बॅटरीत काटकसर नको. पूर्ण भारावर 12 तास लागतात. 24 व्होल्टला 5 अँपिअर ओढणाऱ्या यंत्राला 60 अँपिअर-तास, आणि बॅटरी जुनी होते म्हणून वर पाव, म्हणजे 75. तुमच्या गावात कोडची जुनी आवृत्ती लागू असेल तर 24 तासही मागतील, म्हणून खरेदीआधी विचारा.

यंत्र चालू करण्याआधी ज्यांच्या नावावर फ्रिक्वेन्सी आहेत त्यांची लेखी संमती घ्या. 75 किलोहर्ट्झपेक्षा रुंद पट्टा वाढवणारा क्लास बी बीडीए असेल तर एफसीसीकडे, म्हणजे अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाकडे, नोंदणीही लागते. हस्तांतराच्या दिवशी निरीक्षकासमोर मुख्य वीज तोडा, डोनर केबल सोडा, चार्जर बंद करा, आणि प्रत्येक वेळी पॅनेलवर त्याच नावाची सूचना येते का ते वाचा. केबल सोडल्यावर काहीच उजळलं नाही, तर त्या पोर्टवर निगराणी जोडलेलीच नाही.