चाळिशीच्या आसपास शिक्षक व्हायचं असेल तर

पहिला हिशोब वयाचा. सरकारी आणि जिल्हा परिषद शाळांच्या भरतीत कमाल वयाची अट असते, खुल्या गटाला साधारण ३८, मागासवर्गीयांना ४३. बीएडला दोन वर्षं जातात, ती यातूनच वजा करा. वय निसटलं असेल तर खाजगी विनाअनुदानित शाळांकडे वळा. तिथे अनुभव आणि विषयावरची पकड पाहतात. पगार मात्र आधीच विचारून घ्या, लाजू नका.

बीएडची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, द्यायला पदवीला ५० टक्के लागतात, राखीव गटाला ४५. जुनी गुणपत्रिका हरवली असेल तर दुसरी प्रत मागायचा अर्ज विद्यापीठात आजच टाका. लग्नानंतर नाव बदललेल्यांचं घोडं इथेच अडतं, राजपत्राची प्रत जवळ ठेवा.

नोकरी सांभाळून नियमित बीएड जमेल, हा भ्रम सोडा. तासांना ८० टक्के आणि शाळेतल्या इंटर्नशिपला ९० टक्के हजेरी लागते.

टीईटीत, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेत, १५० गुणांचे १५० प्रश्न असतात, खुल्या गटाला ९० गुण हवेत. पहिली ते पाचवीला पेपर एक, सहावी ते आठवीला पेपर दोन. चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. मोठ्या वयाचे उमेदवार बहुधा गणितात नव्हे, बालमानसशास्त्रात घसरतात, कारण घरच्या अनुभवावर उत्तरं देतात. पुस्तकाचं उत्तर वेगळं असतं! रोज ३० प्रश्न घड्याळ लावून सोडवा.