कॉलमविरहित स्टील गोदाम: बचत हातची घालवणाऱ्या या चुका टाळा

गोदामाच्या मधले कॉलम काढले की स्टील वाचतं, असं बऱ्याच मालकांना वाटतं. प्रत्यक्षात उलट घडतं. मधला आधार गेला की छपराचा सगळा भार राफ्टरला, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या तिरप्या तुळईला, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत वाहून न्यावा लागतो, आणि त्यासाठी जास्त स्टील लागतं. मोकळ्या गोदामाची खरी बचत दुसरीकडे असते: रॅकच्या मांडणीत, फोर्कलिफ्टच्या सरळ फेऱ्यांत, फरशीच्या कामात आणि काही वर्षांनी माल किंवा भाडेकरू बदलला तर आतली रचनाही बदलता येते यात. हे फायदे पक्के आहेत. मात्र ते मिळवण्यासाठी काही निर्णय ऑर्डर देण्याआधीच घ्यावे लागतात. ते राहून गेले की जास्त स्टीलचे पैसे तर जातातच आणि मोकळ्या जागेचा फायदाही पूर्ण मिळत नाही.

कोटेशन वजनावर तोलणं

तीन पुरवठादारांची कोटेशनं समोर ठेवायची, चौरस मीटरमागे किती किलो स्टील ते पाहायचं आणि सर्वांत हलकं निवडायचं, ही सर्रास पद्धत आहे. पण गोदाम माल ठेवण्यासाठी असतं, म्हणून हिशोब एका पॅलेटच्या (माल रचायच्या फळीच्या) जागेमागे किती खर्च पडतो असा मांडायला हवा. त्या खर्चात इमारत, पाया, फरशी, रॅक आणि अग्निशमन हे सगळं धरा. असा तक्ता केला की स्वस्त दिसणारं कोटेशन कधीकधी सर्वांत महाग निघतं.

हलकं वजन कुठून आलं हेही विचारलं पाहिजे. उताराच्या, निमुळत्या राफ्टरमध्ये जिथे ताण जास्त तिथे खोली, म्हणजे उभी जाडी, जास्त ठेवतात, त्यामुळे वजन कमी होतं, आणि हे चांगलं डिझाइन आहे. पण वजन कमी करण्याचा दुसरा मार्ग म्हणजे राफ्टर किती वाकलेला चालेल याची मर्यादा सैल करणं. इथे जास्त ताकदीचं स्टील वापरलंय असं सांगितलं जातं. २५० ऐवजी ३४५ मेगापास्कल ताकदीचं स्टील जास्त ताण सोसतं, पण त्याच भाराखाली वाकतं तेवढंच. दोन्हींचा लवचिकता गुणांक, म्हणजे ताठरपणा, सारखाच, सुमारे दोन लाख मेगापास्कल. मोठ्या स्पॅनमध्ये, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर मोठं असताना, वाकण्याची मर्यादाच निर्णायक ठरत असेल तर जास्त ताकदीच्या स्टीलने वजन कमी होऊच शकत नाही. तरीही झालं असेल, तर ती मर्यादा कोणती धरली हे लेखी मागा.

स्पॅन जेवढा मोठा तेवढं चांगलं, असं मानणं

माझं स्पष्ट मत आहे की या एका समजुतीत सर्वांत जास्त पैसा जातो. स्पॅन दुप्पट केला तर राफ्टरमधला वाकवणारा ताण, म्हणजे बेंडिंग मोमेंट, साधारण चौपट होतो. वजन चौपट होत नाही, कारण राफ्टर खोल करता येतो. पर्लिन (पत्रा पेलणाऱ्या आडव्या पट्ट्या) आणि पत्र्याचा खर्च तर जवळपास तोच राहतो, तो फ्रेममधल्या, म्हणजे कॉलम-राफ्टरच्या चौकटींमधल्या, अंतरावर ठरतो. तरीही मुख्य फ्रेमचं स्टील ठळकपणे वाढतं. २५ ते ३५ मीटरपर्यंत कॉलमविरहित फ्रेम सहसा आरामात परवडते. त्यापुढे प्रत्येक वाढीव मीटरला कारण हवं.

आकडे घालून बघू. गोदाम ६० मीटर रुंद, १२० मीटर लांब, फ्रेम दर ८ मीटरवर. मध्यभागी कॉलमची एक रांग ठेवली तर दोन्ही टोकं सोडून १४ कॉलम येतात. रीच ट्रकसाठी, म्हणजे पुढे सरकणाऱ्या काट्यांच्या फोर्कलिफ्टसाठी, गल्ली २.९ मीटर धरा. पाठीला पाठ लावलेल्या दोन रॅकना मधल्या २० सेंटीमीटर फटीसह २.४ मीटर लागतात. भिंतीलगत एकेक ओळ धरून रुंदीत २२ ओळी बसतात. मालाच्या चढ-उतारासाठी २० मीटर सोडले, तर उरलेल्या १०० मीटरमध्ये प्रत्येक ओळीत सुमारे ३५ गाळे, प्रत्येक गाळ्यात दोन पॅलेट आणि पाच मजले. एकूण ७,७०० पॅलेट जागा.

आता हे १४ कॉलम रॅकमध्येच घुसले असं समजा. प्रत्येक मजल्यावर एक किंवा दोन पॅलेट जातील, म्हणजे ७० ते १४० जागा, एकूणाच्या एक ते दोन टक्के. एवढ्यासाठी ६० मीटरचा सलग स्पॅन घ्यायचा का? नुसती रॅकची साठवण असेल तर माझं उत्तर सहसा नाही असं असतं. याच गोदामात स्वयंचलित यंत्रणा येणार असेल, एका बाजूने ट्रक रिकामे करून दुसऱ्या बाजूने लगेच भरायचे असतील, लांबलचक किंवा अवजड माल जमिनीवरच ठेवायचा असेल, किंवा दर काही वर्षांनी भाडेकरू बदलणार असेल, तर उत्तर हो. या कामांत कॉलम एक-दोन टक्के जागेपुरता राहत नाही, तो सगळी वाटच अडवतो.

आधी शेड, नंतर रॅक

वरच्याच उदाहरणात कॉलमची रांग बरोबर मध्यावर, ३० मीटरवर ठेवली, तर ती थेट गल्लीत येते. ती एक अख्खी गल्ली निकामी झाली की दोन्ही बाजूंच्या ओळींतला माल काढायची सोय जाते. तीच रांग सुमारे २ मीटर सरकवली आणि तिथली रॅकमधली फट अर्ध्या मीटरपर्यंत रुंद केली, तर कॉलम त्या फटीत लपतात आणि एकही पॅलेट जागा जात नाही. भिंतीकडे उरलेल्या जागेत ती वाढीव फट सहज सामावते. स्पॅन मग ३२ आणि २८ मीटरचे होतात. कॉलम मोभाखालीच असला पाहिजे असा काही नियम नाही.

कॉलमविरहित गोदामालाही हे लागू आहे. आतली रुंदी रॅक आणि गल्लीच्या पटीत बसत नसेल तर एका बाजूला दीड-दोन मीटरची पट्टी वाया जाते, आणि ती १२० मीटर लांब असते. म्हणून आधी फोर्कलिफ्टचा प्रकार ठरवा. समोर वजन तोलणाऱ्या साध्या फोर्कलिफ्टला साडेतीन ते चार मीटर गल्ली लागते, अगदी अरुंद गल्लीच्या यंत्राला दोन मीटरहून कमी. त्यावरून रॅकचा आराखडा करा आणि मग इमारतीची रुंदी सांगा.

बाहेरची उंची म्हणजे आतली उंची समजणं

कोटेशनमध्ये लिहिलेली उंची बहुधा पत्र्याच्या पायथ्याची, म्हणजे ईव्हची असते. आत मोकळी किती मिळते ते राफ्टरच्या खोलीवर ठरतं. मोठ्या स्पॅनमध्ये कॉलमजवळ राफ्टर सर्वांत खोल असतो, एक मीटर किंवा त्याहूनही जास्त. १०.५ मीटरची ईव्ह घेतली तरी भिंतीलगत हाती ९.२५ मीटरच्या आसपास राहतात. त्यातून स्प्रिंकलरखाली (आग विझवणाऱ्या पाण्याच्या फवाऱ्यांखाली) सोडायचं अंतर वजा करा. साध्या स्प्रिंकलरला मालाच्या वर साधारण ४५० मिलीमीटर, तर मोठ्या थेंबांच्या जलद प्रकाराला सुमारे ९०० मिलीमीटर मोकळं लागतं.

दोन्ही भिंतींलगतच्या तीन-तीन ओळींत एक मजला कमी बसला, तर आपल्या उदाहरणात ४२० पॅलेट जागा गेल्या. १४ कॉलमांनी खाल्लेल्या जागांच्या हे तिप्पट किंवा त्याहून जास्त आहे! कॉलम काढायला एवढा खर्च करणारे मालक इमारत अर्धा-पाऊण मीटर उंच करायला मात्र कचरतात. खरं तर उंची वाढवणं तुलनेने स्वस्त असतं, कारण छप्पर, फरशी आणि जमीन तीच राहते. म्हणून करारात ‘राफ्टरच्या सर्वांत खालच्या कडेखाली इतकी मोकळी उंची’ असं स्पष्ट लिहून घ्या.

पाया वेगळ्याच्या हाती, आकडे नंतर

इमारत एकाची, पाया दुसऱ्याचा, आणि घाई म्हणून पाया आधी. कॉलमविरहित इमारतीत हे धोक्याचं आहे. पोर्टल फ्रेम, म्हणजे दोन कॉलम आणि राफ्टरची कडक जोडलेली चौकट, छपराच्या भाराखाली कॉलमचे पाय बाहेरच्या बाजूला ढकलते. उंची आणि भार तोच ठेवून स्पॅन दुप्पट केला, तर ही ढकल सुमारे चौपट होते. फक्त उभा भार धरून केलेलं फूटिंग, म्हणजे कॉलमखालचा पाया, मग हळूहळू बाहेर झुकतं, कॉलम ओळंब्यात राहत नाहीत आणि मोभ खाली येतो. उपाय दोन आहेत: फूटिंग मोठं आणि खोल करणं, किंवा फरशीखालून समोरासमोरचे पाय सळ्यांनी बांधणं. दुसरा बहुतेकदा स्वस्त पडतो, पण फरशी ओतल्यावर तो हातातून गेलेला असतो.

दुसरा घटक वारा. पत्र्याचं छप्पर हलकं असतं. वादळात वारा त्याला वर ओढतो, आणि मालाचे मोठे दरवाजे उघडे असतील तर आतला दाब त्यात भर घालतो. मधले कॉलम नसल्याने ही सगळी ओढ कडेच्या दोन फूटिंगवर येते. अशा वेळी फूटिंगचा आकार मातीच्या ताकदीपेक्षा ते उचललं जाऊ नये यावर ठरतो, आणि मालकाला तो विनाकारण मोठा वाटतो. तो कमी करायला सांगू नका.

कॉलमचा पाय फूटिंगला घट्ट जखडलेला की बिजागरीसारखा वळणारा, हाही प्रश्न इथेच सुटायला हवा. जखडलेला पाय धरला की फ्रेम हलकी दिसते, पण तेच पैसे पायाच्या बांधकामात जातात. पुरवठादाराचं कोटेशन स्वस्त आणि पायाचं महाग, असं घडतं ते अनेकदा यामुळे. दोन्हींची बेरीज करूनच तुलना करा.

नंतर काय टांगणार ते न सांगणं

छपराखाली स्प्रिंकलरचे पाइप, दिवे, पंखे, केबल ट्रे येतात. छपरावर सौर पॅनेल येतात, ज्यांचं वजन ढाच्यासह चौरस मीटरला साधारण १० ते १५ किलो असतं. हा आकडा किरकोळ वाटतो. पण ८ मीटर अंतरावरच्या फ्रेममध्ये १५ किलोचा भार साध्या टेकवलेल्या तुळईच्या हिशोबाने ३० मीटर स्पॅनला सुमारे १३५ किलोन्यूटन-मीटर मोमेंट देतो, तर ६० मीटरला ५४०. लहान स्पॅनमध्ये अशी चूक खपून जाते, मोठ्यात नाही. नंतर राफ्टरला पट्ट्या वेल्ड करून ताकद वाढवणं सुरुवातीच्या वाढीव स्टीलपेक्षा कितीतरी महाग पडतं, आणि खाली माल भरलेला असताना वेल्डिंगच्या ठिणग्या हा वेगळाच धोका.

वाकण्याचाही विचार करा. पत्र्याच्या छपराच्या राफ्टरसाठी स्पॅन भागिले १८० ही मर्यादा सर्रास वापरतात. ६० मीटरला ती ३३३ मिलीमीटर होते. नियमात बसलं तरी त्याखालच्या पाइपांच्या जोडांना ते सहन होईल का, हे पाइपवाल्याला आधीच विचारा.

उभारणीत सोडून दिलेले तुकडे

राफ्टरच्या खालच्या कडेला पर्लिनशी जोडणारे छोटे तिरपे अँगल, म्हणजे फ्लॅंज ब्रेस, क्षुल्लक दिसतात आणि म्हणून राहून जातात. वारा वर ओढतो तेव्हा मधल्या भागात राफ्टरची खालची कड दाबली जाते. कॉलमजवळ तर ती रोजच्या भारानेही दाबलेली असते. ब्रेस नसेल तर ती बाजूला सटकू शकते. स्पॅन मोठा तसं हे जास्त महत्त्वाचं. आराखड्यातल्या फ्लॅंज ब्रेसची संख्या आणि साइटवर बसवलेल्यांची संख्या जुळल्याशिवाय शेवटचं बिल देऊ नका. नंतर नवीन दरवाज्यासाठी भिंतीतली तिरपी ब्रेसिंग, म्हणजे इमारत ताठ ठेवणाऱ्या सळ्या, कापून टाकणं हीसुद्धा याच जातीची चूक. तिथे दरवाजा हवाच असेल तर त्या गाळ्यात पोर्टलसारखी कडक चौकट बसवावी लागते.

पत्र्याबद्दल थोडक्यात: ३० मीटर लांबीचा उतार ४० अंश सेल्सियसच्या फरकाने सुमारे १४ मिलीमीटर लांबतो. सरळ स्क्रूने आवळलेल्या पत्र्याची भोकं त्यामुळे मोठी होतात आणि गळती सुरू होते. एवढ्या लांब उताराला सरकणाऱ्या क्लिपचं छप्पर घ्या. आणि तासाला १०० मिलीमीटर पाऊस धरला तर दोन फ्रेममधल्या दर ८ मीटरच्या गाळ्यातून सेकंदाला साडेसहा लिटरहून जास्त पाणी पन्हळीत येतं, त्या मापाचे पाइप लावा.

इमारत उभी आहे आणि तक्रारी सुरू झाल्या

शटर अडकतंय, तर आधी शटरवाल्याला बोलावू नका. त्या बाजूचे कॉलम ओळंब्यात आहेत का ते मोजा. बाहेर झुकले असतील तर पायाची ढकल तपासा आणि फरशी पायाला घट्ट भिडलेली आहे का ते पाहा. मोभाजवळ गळती असेल पण पत्रा नवा असेल, तर राफ्टर किती खाली आला हे लेझर लेव्हलने नोंदवा आणि महिन्याभराने पुन्हा मोजा. आकडा स्थिर असेल तर बहुधा जोडातली ढिलाई बसली आहे, बोल्ट तपासून काम भागू शकतं. वाढत असेल तर छपरावरचा आणि छताला टांगलेला वाढीव भार उतरवा, मग स्ट्रक्चरल इंजिनियरकडून मूळ हिशोब पुन्हा तपासून घ्या. वाऱ्यात इमारत करकरत असेल तर ब्रेसिंगच्या सळ्या सैल झाल्यात का, हे पहिलं. एखादी सळी हाताने सहज हलत असेल तर ती काम करत नाही.

या सगळ्या तपासणीसाठी मूळ आराखडे, भारांची यादी आणि पायावर येणाऱ्या बलांचा तक्ता लागतो. बऱ्याच मालकांकडे तो नसतो, कारण ताबा घेताना कुणी मागितलाच नाही. तो आजच मागा आणि त्यात सौर पॅनेलसाठी किती भार शिल्लक आहे हा आकडाही लिहून घ्या.