माइनक्राफ्ट सर्व्हरवर हलता तरंगता मजकूर: डिसेंटहोलोग्राम्स वापरून

स्पॉनवर (खेळाडू जगात पहिल्यांदा अवतरतात ती जागा) हवेत तरंगणारी अक्षरे, म्हणजेच होलोग्राम, दाखवायला डिसेंटहोलोग्राम्स हे प्लगइन (सर्व्हरला जोडायचा छोटा प्रोग्राम) पुरेसे आहे. सर्व्हर पेपर किंवा स्पिगॉटचा (प्लगइन चालवणारी सर्व्हर सॉफ्टवेअर) हवा; माइनक्राफ्ट बनवणाऱ्या मोजांगच्या मूळ सर्व्हरवर प्लगइन चालत नाहीत. खालच्या कमांड उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत, टाइप करताना इंग्रजी अक्षरे वापरा.

१. प्लगइनची जार फाइल सर्व्हरच्या 'प्लगइन्स' फोल्डरमध्ये टाका आणि सर्व्हर पूर्ण बंद करून चालू करा. स्वतःला ऑप (सर्व कमांडचे अधिकार असलेला खेळाडू) करून घ्या.

२. मजकूर हवा तिथे उभे राहा (उंचावर हवा असेल तर क्रिएटिव्हमध्ये उडा) आणि लिहा: /डीएच एच क्रिएट स्पॉन. 'स्पॉन' हे होलोग्रामचे नाव. त्यात मोकळी जागा नको. जागा चुकली तर योग्य ठिकाणी जाऊन /डीएच एच मूव्हहिअर स्पॉन.

३. आता अॅनिमेशन. /डीएच एल सेट स्पॉन 1 1 आणि पुढे:

<#अॅनिम:वेव्ह:&6,&4>वेलकम</#अॅनिम>

पहिला 1 म्हणजे पान, दुसरा म्हणजे ओळ. &6 सोनेरी, &4 गडद लाल. अक्षरांवरून रंगाची लाट सरकताना दिसेल. शेवटचा टॅग राहिला तर अॅनिमेशन होत नाही, कंसासकट सगळे जसेच्या तसे हवेत लटकते. बहुतेकांचे गाडे इथेच अडते.

'वेव्ह'च्या जागी 'बर्न', 'टाइपरायटर', 'स्क्रोल' किंवा 'कलर्स' चालते. मराठी मजकुराला मात्र 'कलर्स'च द्या. टाइपरायटर आणि वेव्ह एकेक कॅरेक्टर मोजतात; त्यांच्या लेखी 'कि' म्हणजे क आणि वेलांटी अशी दोन कॅरेक्टर, त्यामुळे मात्रा अक्षरापासून तुटतात.

प्रत्येक होलोग्रामची वायएमएल फाइल (सेटिंग्जची साधी मजकूर फाइल) प्लगइनच्या 'होलोग्राम्स' फोल्डरमध्ये असते. ती हाताने बदलताना मजकूर एकेरी अवतरणात ठेवा, कारण वायएमएलमध्ये सुरुवातीच्या & ला वेगळाच अर्थ आहे. टॅब वापरू नका, स्पेसच द्या. मग /डीएच रीलोड.

एका होलोग्राममध्ये एकच ओळ हलती ठेवा. हलती ओळ रेंजमधल्या प्रत्येक खेळाडूला पुन्हा पुन्हा पाठवावी लागते आणि डझनभर ओळी हलू लागल्या की वाचणाऱ्याचेही डोळे दुखतात. लॉबी गजबजलेली असेल तर फाइलमधली अपडेट-रेंज 48 ब्लॉकवरून 20 वर आणा.

होलोग्राम नको झाला तर /किल उपयोगाचे नाही: हा मजकूर फक्त पॅकेटमधून (सर्व्हरने खेळाडूच्या गेमला पाठवलेली माहिती) जातो, जगात खरी एंटिटी (प्राणी, वस्तू यांसारखी गोष्ट) नसतेच. /डीएच एच डिलीट स्पॉन लिहा.