पर्सनॅलिटी टेस्ट दिलीत, आता ऑफिसात आणि घरी तिचा उपयोग कसा करायचा

ऐरोली, घणसोली, महापे, कुठल्याही ऑफिसात जा, टीम बिल्डिंगचा दिवस म्हटला की पर्सनॅलिटी टेस्ट असतेच, मग प्रत्येकाला आयएनटीजे नाहीतर ईएनएफपी अशी चार अक्षरं मिळतात आणि पुढचे काही दिवस कँटीनमध्ये तोच विषय. आता तर लग्नाच्या बायोडेटातही उंची, शिक्षण, पगार आणि खाली इंट्रोव्हर्ट. मला हा विषय मनापासून आवडतो, माणसं स्वतःबद्दल बसून विचार करतायत हे चांगलंच आहे, पण चार अक्षरं मिळाली की 'मी असाच आहे' म्हणून लोक थांबतात आणि खरं काम तर तिथून पुढे असतं. आपण किंवा समोरचा कधी आणि कशामुळे असं वागतो हे शोधायला टेस्ट वापरायची. कशी ते लिहितेय.

आधी टेस्ट कुठली आहे ते बघा. चार अक्षरंवाली ती एमबीटीआय, तिचं मूळ मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगच्या 1921 च्या पुस्तकात आहे, त्यावरून कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स ह्यांनी प्रश्नावली बनवली, दोघींचंही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण झालेलं नव्हतं, पण माझ्या मते मोठी अडचण ती नाहीच. अबोल ते बोलका अशी पट्टी धरली तर बहुतेक माणसं मधल्या भागात असतात, टोकाला थोडीच, आणि ही टेस्ट बरोबर मधे रेघ मारून इकडचा इंट्रोव्हर्ट आणि तिकडचा एक्स्ट्रोव्हर्ट ठरवते. म्हणजे पट्टीवर 100 पैकी 49 वाला आणि 51 वाला वेगळे, आणि 51 वाला नि 95 वाला एकाच टाइपचे. म्हणूनच महिन्याभराने परत दिली की बऱ्याच जणांचं एखादं अक्षर बदलतं.

संशोधनात जास्त चालते ती बिग फाइव्ह. 1936 मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट ह्यांनी इंग्रजी डिक्शनरीतून माणसाचं वर्णन करणारे जवळजवळ 18,000 शब्द वेचून काढले, मग पुढच्या कित्येक लोकांनी ते गाळले, जोडले, आकडेमोड केली आणि पुन्हा पुन्हा पाचच गट वर यायला लागले: नवीन गोष्टींची ओढ, नेटकेपणा, बोलकेपणा, दुसऱ्याशी जमवून घेणं आणि काळजी-चिडचिड. इथे टाइप नाही, प्रत्येक पट्टीवर तुमचा आकडा येतो, कमी किंवा जास्त. ह्यासाठी आयपीआयपी नावाचा प्रश्नसंच कोणालाही फुकट वापरता येतो, 120 प्रश्नांची टेस्ट ऑनलाइन मिळते, ती घ्या. भरताना आजचा दिवस डोळ्यासमोर आणू नका, ट्रान्स हार्बर लोकल बंद पडलेल्या संध्याकाळी भरलीत तर सगळी चिडचिडच दिसेल, गेल्या सहा महिन्यांत साधारण कसे वागलात ते आठवा. आणि जमलं तर बहीण, नवरा, जुनी मैत्रीण असं कोणाला तरी तुमच्याबद्दल वेगळी भरायला सांगा. दोन्ही रिझल्ट जिथे जुळत नाहीत त्या जागा सगळ्यात कामाच्या, कारण काळजी आपली आपल्याला जास्त कळते पण आपण किती तोडून बोलतो ते बाहेरच्यालाच दिसतं.

रिझल्ट वाचताना एक गोष्ट करा. 1948 मध्ये मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर ह्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना टेस्ट दिली आणि नंतर प्रत्येकाला 'हा तुझा रिपोर्ट' म्हणून कागद दिला, खरं तर सगळ्यांना एकच मजकूर होता, राशीभविष्याच्या पुस्तकातून उचललेला, तरी मुलांनी तो किती बरोबर आहे ह्याला 5 पैकी सरासरी 4.26 मार्क दिले. म्हणून प्रत्येक वाक्यापुढे विचारा, हे शेजारच्या ब्लॉकमधल्या काकांनाही लागू पडेल का? पडत असेल तर ते वाक्य खोडा. उरेल तेवढंच तुमचं.

आता मुख्य भाग. 1968 मध्ये मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल ह्यांनी दाखवलं की एका प्रसंगातल्या वागण्यावरून दुसऱ्या प्रसंगातलं वागणं फारसं सांगता येत नाही, त्यावर वर्षानुवर्षं वाद झाले, आणि नंतर 1995 मध्ये त्यांनी आणि युइची शोडा ह्यांनी जे मांडलं ते मला रोजच्या जगण्यात सगळ्यात उपयोगी वाटतं. माणसाची ओळख 'अमुक झालं की तो तमुक करतो' ह्या ठरावीक जोड्यांत असते. म्हणून वही घ्या नाहीतर फोनमध्ये लिहा, पण विशेषण न वापरता लिहा. 'ती चिडकी आहे' असं नाही, तर 'घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून घरी आल्या आल्या कोणी हिशोबाचं काही विचारलं की ती चिडते, जेवणानंतर विचारलं तर नीट बोलते'. पहिल्या वाक्याचं करणार काय, भांडणच होणार, दुसऱ्यावर मात्र उद्यापासून काहीतरी करता येतं. साधारण दोन आठवडे अशा जोड्या लिहा, स्वतःच्या पण लिहा, बायकोच्याच लिहून तिला दाखवल्यात तर ती चार्जशीट होईल.

मग बोला, आणि बोलताना 'तू नेहमी' हा शब्द टाळा. असं काहीसं बोलता येईल: "अगं, मी बघितलंय, आईंचा फोन येऊन गेला की मी गप्प होतो आणि तुला वाटतं तुझ्यावर रागावलोय, तसं नसतं, मला पंधरा मिनिटं दे, मग मीच येऊन बोलतो." ह्यात स्वभाव बदलायची कोणी मागणी केलेली नाही, फक्त त्या पंधरा मिनिटांची व्यवस्था केली, आणि हे पाळलं जातं कारण पाळण्याजोगं आहे.

लग्न जुळवताना टाइप जुळतोय का बघू नका. नवरा-बायकोचे स्वभाव सारखे असण्याचा सुखाशी संबंध संशोधनात फार थोडा सापडतो, त्यापेक्षा प्रत्येकाची स्वतःची काळजी-चिडचिड किती ह्याचा जास्त. ठाण्यात तलावपाळीला कॉफी प्यायला भेटाल तेव्हा 'मनासारखं झालं नाही की तू काय करतोस?' एवढं विचारा, आणि ऑर्डर चुकली तर तो वेटरशी कसा बोलतो ते बघा.

ऑफिसात बघायचं तर 1991 मध्ये बॅरिक आणि माउंट ह्यांनी बरेच अभ्यास एकत्र करून पाहिलं, सगळ्या प्रकारच्या कामांत नेटकेपणाचा चांगल्या कामाशी संबंध निघाला, बोलकेपणाचा मुख्यतः सेल्स आणि मॅनेजरच्या कामात. पण संबंध माफकच आहे, एका आकड्यावर कोणाला घ्यायचं-काढायचं ठरत नाही, आणि एमबीटीआयवाले तर स्वतःच सांगतात की भरतीसाठी वापरू नका. तुम्ही टीम लीड असाल तर आकड्यांवरून माणसं नको, कामाची पद्धत बदला. मीटिंगमध्ये गप्प बसणाऱ्याला मुद्दे आदल्या संध्याकाळी पाठवा आणि लेखी मत मागा. ज्याचा नेटकेपणा कमी आहे त्याला 'जबाबदारीने वाग' सांगून काही होत नाही, मोठी डेडलाइन मोडून बुधवार-शुक्रवार अशी छोटी द्या. काळजी करणाऱ्याला 'टेन्शन घेऊ नकोस' नका म्हणू, काय झालं, काय बाकी आहे, पुढचा अपडेट किती वाजता, एवढं स्पष्ट सांगा.

'माझा स्वभावच असा' म्हणणाऱ्यांसाठी, वय वाढतं तसा सरासरीने नेटकेपणा आणि जमवून घेणं वाढतं, चिडचिड कमी होते. पट्टीवरची जागा कायमची नसते. आणि झोप उडालीय, कशातच मन नाही, असं आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर तो टेस्टचा विषय नाहीच, टेली मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा, ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी 1990 मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, तिथे जा.

आणि पुढच्या वेळी एचआर टेस्टची लिंक पाठवेल तेव्हा भरण्याआधी तीन गोष्टी मेलवर विचारा: रिझल्ट कोण बघणार, अप्रेझलला जोडणार का, आणि किती दिवस ठेवणार. उत्तर मेलवरच घ्या.